रिपोर्टभर 'आर' : औषधांना न जुमानणारे जंतू आणि चांदीचे नॅनोकण

शेवंती | मंगळवार, रात्री ९:५०

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम बघते. एकोणीस वर्षं झाली. सकाळी इनक्युबेटर उघडायचा, आदल्या दिवशीच्या प्लेटा बाहेर काढायच्या आणि कोणता जंतू वाढलाय, त्याला कोणतं औषध लागू पडेल ते लिहून द्यायचं. प्लेटवर फक्त नंबर आणि आडनाव असतं, माणूस डोळ्यांसमोर येत नाही. गेल्या वर्षी एका सकाळी प्लेटवर माझ्या मामाचं आडनाव होतं.

मामाला पंधरा वर्षांचा मधुमेह. चपलेतला खिळा पायात घुसला, पण तळवा बधिर असल्याने त्याला कळलंच नाही. मामीला अंथरुणावर पिवळट डाग दिसले तेव्हा जखमेचा पत्ता लागला. मग एका औषधाच्या दुकानातून पाच-पाच दिवसांच्या गोळ्या, तीन वेळा, दर वेळी वेगळ्या. डॉक्टर नाही, कल्चर (पुवातला जंतू वाढवून करायची तपासणी) नाही. आमच्याकडे पू आला तोवर अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी पडली होती.

मॅकॉन्की अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या एका माध्यमावर, गुलाबी, बुळबुळीत, फुगीर कॉलन्या वाढल्या होत्या. लूप टेकवून वर उचलला की भेंडीच्या तारेसारखी तार सुटायची. जंतूचं नाव क्लेबसिएला. दुसऱ्या प्लेटवर हा जंतू सारवल्यासारखा पसरवून वर औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ कडं पडतं. सेफ्ट्रायाक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, पिपेरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम या सगळ्यांच्या चकतीला चिकटून जंतू वाढलेले. रिपोर्टवर मी एकाखाली एक 'आर' लिहीत गेले. आर म्हणजे रेझिस्टंट. उरली दोन औषधं. त्यातलं कोलिस्टिन मूत्रपिंडाला झेपेल की नाही, हाच प्रश्न होता.

सर्जननी मेलेलं मांस काढलं, ती दोन बोटं काढली, साखर इन्शुलिनने ताळ्यावर आणली आणि जखमेवर चांदीची पट्टी बांधायला सुरुवात केली. नॅनोक्रिस्टलाइन सिल्व्हर ड्रेसिंग. तीन महिन्यांनी जखम भरली. चांदीनेच बरं केलं असं मी म्हणणार नाही, कारण खरं काम सुरीने आणि इन्शुलिनने केलं. पण पट्टी बदलताना मामा एकदा म्हणाला, "येवढी चांदी जर जंतूला मारतीया, तर पोटात का देत न्हाईत गं?"

प्रश्न अगदी योग्य होता आणि मला त्याचं उत्तर धड देता आलं नाही. म्हणून गेलं वर्षभर वाचत होते. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधरोधी जंतूंमुळे दगावली, असा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज आहे. नवीन अँटिबायोटिक फार थोडी येत आहेत. अशा वेळी चांदी, तांबं, जस्त यांच्या नॅनोकणांवर लोकांचा जीव जडणं मी समजू शकते, माझाही जडला. त्यांचा खरा उपयोग कुठे आहे आणि कुठे नाही, हे इथे मांडून बघू या. डॉक्टर, नर्स, रसायनवाले, शेतकरी, सगळ्यांनी लिहा.

आधी चांदी काय करते ते थोडक्यात. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काळं का पडतं? हवेत नावाला असलेला गंधक चांदी ओढून घेते. जंतूच्या शरीरातही गंधक असतो, त्याच्या प्रथिनांमध्ये. श्वसनाची साखळी चालवणारी एन्झाइमं या गंधकाच्या आधारानेच उभी असतात. चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला सुटा अणू, तिथे जाऊन चिकटला की एन्झाइम निकामी होतं, आवरण गळू लागतं, आत घातक ऑक्सिजनरेणू साठतात. अँटिबायोटिक बहुतेक एकाच जागी वार करतं आणि ती एक जागा बदलली की जंतू सुटतो. चांदी एकाच वेळी दहा ठिकाणी चावते. म्हणून मेरोपेनेमला न जुमानणारी क्लेबसिएलाही चांदीपुढे सहसा टिकत नाही.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०:३५

मामांना बरं वाटतंय हे वाचून बरं वाटलं. मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून साधा प्रश्न. चांदी ती चांदीच. मग नॅनो कशाला? वर्ख लावून चालणार नाही का?

---

शेवंती | मंगळवार, रात्री ११:१०

गोदाकाठ, चालतं, पण फार कमी. चांदीचं काम फक्त तिच्या पृष्ठभागावरून होतं, आतली चांदी नुसती बसून असते. एक सेंटिमीटरचा चांदीचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा चिरत चिरत १० नॅनोमीटरचे तुकडे केले (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. कबड्डीची चार मैदानं मांडून वर जागा उरेल. चांदी तेवढीच, पण आता तिचा कितीतरी जास्त भाग उघडा पडला.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगते. ई. कोलाय जंतू साधारण दोन हजार नॅनोमीटर लांब असतो. दहा नॅनोमीटरचा कण त्याच्यापुढे म्हणजे बैलाच्या अंगावरची फुगलेली गोचीड.

एक गोष्ट मला वाचताना फार महत्त्वाची वाटली. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या लोकांनी २०१२ मध्ये हेच कण ऑक्सिजन अजिबात नसलेल्या जागी जंतूंवर सोडून पाहिले. जंतू मेलेच नाहीत. ऑक्सिजन नाही, म्हणून चांदी गंजली नाही, म्हणून आयन सुटले नाहीत. म्हणजे कण हा आयनांचा साठा. थोडे थोडे, पुष्कळ दिवस सोडत राहणारा. खोल, हवा न पोचणाऱ्या पुवाच्या खिशात चांदीची पट्टी का कमी पडते, याचा एक धागा मला तरी इथे सापडला.

---

तपोवन | बुधवार, सकाळी ८:०५

अमरावतीहून लिहितोय, नॅनोकणांवरच पीएचडी सुरू आहे. या विषयात महाराष्ट्राचं काम मोठं आहे आणि ते इथे नोंदलं जावं असं मनापासून वाटतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये फ्युझेरियम या बुरशीकडून चांदीचे कण पेशीबाहेर तयार करून घेतले. २००४ मध्ये कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून चांदी-सोन्याचे कण बनवल्याचा त्यांचा निबंध आला. आमच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातले महेंद्र राय आणि सहकारी यांनी २००९ मध्ये चांदीचे नॅनोकण ही जंतुनाशकांची नवी पिढी आहे, असा आढावा लिहिला. तो जगभर वाचला गेला. त्याच वर्षी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या किशोर पाकणीकरांच्या गटाने जखमेवर लावायच्या चांदी-नॅनो जेलचं काम प्रसिद्ध केलं.

कण बनताना बघणं हा फार सुंदर अनुभव असतो. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ. त्यात पाल्याचा अर्क थेंबथेंब सोडायचा आणि ढवळत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग कडेने फिकट पिवळा रंग धरतो, पिवळ्याचा मधासारखा होतो आणि तासाभरात कोऱ्या चहासारखा. चांदीचा रंग पिवळा! कण इतके बारीक असतात की ते निळा-जांभळा प्रकाश शोषतात आणि आपल्याला उरलेला दिसतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरला (कोणता प्रकाश किती शोषला ते मोजणारं यंत्र) ४२० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा आला की समजायचं, कण झाले.

आता जे मला मनापासून सलतं ते लिहितो. 'अमुक पानापासून चांदीचे नॅनोकण' असे निबंध ढिगाने निघतात. तुळस झाली, शेवगा झाला, अडुळसा झाला. शेवटी तीच प्लेट, तेच कडं, आणि 'भविष्यात औषध म्हणून उपयोग' हे वाक्य. कडं पडलं म्हणजे औषध मिळालं नव्हे. प्लेटवर रक्त नसतं, पू नसतो, मृत पेशी नसतात. रक्तातली प्रथिनं कणाभोवती लगेच आवरण धरतात आणि कण वेगळाच होऊन बसतो. दर वेळी कण सारख्या आकाराचे बनतात का, महिनाभर बाटलीत टिकतात का, माणसाच्या पेशींना किती मात्रेत इजा करतात, हे किचकट काम करायला कुणी बसत नाही, कारण त्यातून लवकर निबंध निघत नाही. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, जंतू मारणं सोपं आहे, ब्लीचही मारतं; माणूस न मारता जंतू मार. गेली तीन वर्षं मी त्या एकाच वाक्याशी झगडतोय.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:४०

मी बर्न्स वॉर्डमध्ये नर्स आहे. फक्त माझ्या कामाचं लिहिते.

आमच्याकडे वर्षानुवर्षं पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझीन. हे १९६८ पासूनचं औषध आहे, नॅनो नव्हे. रोज लावायचं, रोज धुऊन काढायचं. दुसऱ्या दिवशी जखमेवर पिवळट, चिकट साय धरलेली असते. नवीन मुलींना ती पू वाटते, पण ती मलमाचीच असते. ती काढल्याशिवाय जखम किती खोल आहे ते कळत नाही, आणि काढताना पेशंट जे ओरडतो ते घरी गेल्यावरही कानात राहतं. माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट अर्धा तास तो.

नॅनोची पट्टी आली तेव्हा मला पहिला फरक जंतूंचा नाही, ओरडण्याचा जाणवला. ती तीन-तीन दिवस उघडावी लागत नाही. लहान मुलांमध्ये तर जमीन-अस्मानाचा फरक.

पण एक चूक मी स्वतः पाहिली आहे. ती पट्टी बांधण्याआधी ओली करायची असते, ती स्टराइल वॉटरने. सलाईनने नाही. नर्सिंगमध्ये हात आपोआप सलाईनच्या बाटलीकडे जातो, कारण जखम म्हटली की सलाईन. मी पूर्वी होते त्या ठिकाणी कितीतरी महिने सगळ्या पट्ट्या सलाईननेच भिजवल्या जात होत्या. महागाची पट्टी, गरीब माणसाने उसनवारी करून आणलेली. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, पाकिटावरचं बारीक इंग्रजी कुणी वाचलं नव्हतं. शेवंतीताई, यामागचं कारण सोप्या शब्दांत लिहाल का? मला ते प्रिंट काढून ड्रेसिंग ट्रॉलीवर चिकटवायचं आहे.

---

शेवंती | बुधवार, रात्री ८:२०

रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यावरचं सगळ्यात कामाचं आहे. ट्रॉलीसाठी हे घ्या:

"सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. मिठातलं क्लोराइड चांदीला पकडतं आणि तिचा न विरघळणारा पांढरा साका होतो. मग चांदी पट्टीतच अडकते, जखमेपर्यंत पोचत नाही. ही पट्टी फक्त स्टराइल वॉटरने ओली करा."

दहावीच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर दह्यासारखा साका पडायचा तो आठवा, तेच हे.

आणि यातच मामाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपलं रक्त खारट. त्यात क्लोराइड भरपूर, शिवाय अल्ब्युमिनसारखी गंधक असलेली प्रथिनं. गोळीतून किंवा सुईतून चांदी दिली तर जंतूपर्यंत पोचण्याआधीच तिला शंभर जण पकडतात. जंतूला मारण्याइतकी मोकळी चांदी रक्तात ठेवायची म्हटली तर ती आपल्याच पेशींना चावणार, कारण गंधक आपल्या प्रथिनांतही आहे. उरलेली चांदी यकृतात आणि कातडीत साठून राहते. म्हणून चांदी बाहेरची. जखमेवर, नळीवर, पाण्याच्या फिल्टरमध्ये. टाटांचा 'स्वच्छ' नावाचा पाण्याचा फिल्टर २००९ च्या डिसेंबरात आला होता, त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. वीज नको, नळ नको. चांदीचा जंतूंविरुद्ध इतका सरळ, साधा वापर मला दुसरा आठवत नाही.

---

पायवाट | बुधवार, रात्री ९:०५

हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या आईला गेले सात-आठ महिने नात्यातल्या एकाने 'नॅनो सिल्व्हर वॉटर' दिलंय. रोज सकाळी दोन चमचे, प्रतिकारशक्तीसाठी. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ येतात, कोणताही जंतू मरतो म्हणून. आई ६८ वर्षांची, थायरॉइडची गोळी चालू. ती म्हणते थकवा कमी झाला. बंद करायला सांगू का? तिला राग येईल, देणारा माणूस जवळचा आहे.

---

अतिदक्ष | बुधवार, रात्री ९:३०

पायवाट, आजपासून बंद. उद्यापासून नव्हे.

मी अतिदक्षता विभागात काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. पोटात घ्यायच्या कोलॉइडल सिल्व्हरचा, म्हणजे चांदीचे बारीक कण तरंगत असलेल्या अशा पाण्याचा, कोणत्याही आजारावर उपयोग सिद्ध झालेला नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, १९९९ मध्येच दुकानात मिळणाऱ्या अशा उत्पादनांना सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाही असं जाहीर केलं. चांदी कातडीत साठली की ती उन्हाने काळवंडते आणि माणूस राखाडी-निळा दिसू लागतो. याला अर्जिरिया म्हणतात. चांदी थांबवल्यावरही तो रंग सहसा जात नाही. दुसरं, चांदी थायरॉइडच्या गोळीचं शोषण कमी करू शकते. ती अडली तर उलट थकवा वाढेल.

दोन कामं करा. आईच्या हाताची नखं दिवसाच्या उजेडात बघा. नखाच्या मुळाशी जो पांढरा अर्धचंद्र असतो तो निळसर दिसतो का? बऱ्याच वेळा पहिली खूण तिथे उमटते. आणि डॉक्टरांना बाटलीबद्दल सांगून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या. नातेवाइकाशी भांडू नका, त्यानेही प्रेमानेच दिली असेल. 'डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय' एवढं म्हणा.

आता मूळ विषय. माझ्याकडच्या पेशंटच्या अंगात तीन-चार नळ्या असतात. प्रत्येक नळीवर जंतू घर करतात, चिकट थर धरून. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरात अँटिबायोटिक पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून नळीलाच चांदीचा लेप द्यावा ही कल्पना मला पहिल्यापासून पटली होती, पण पुराव्याने मला दोन वेगळी उत्तरं दिली.

श्वासनळीत घालायच्या ट्यूबवर चांदीचा लेप दिलेला २००८ चा अमेरिकेतला मोठा अभ्यास आहे. व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया साध्या ट्यूबने ७.५ टक्के, चांदीच्या ट्यूबने ४.८ टक्के. फरक खरा, पण मृत्यू कमी झाले नाहीत. लघवीच्या नळीवर २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये २४ रुग्णालयांत सात हजारांवर पेशंटचा अभ्यास झाला. थोड्या दिवसांच्या वापरात चांदीच्या लेपाने संसर्ग कमी झालाच नाही. आम्ही मात्र त्या महाग नळ्या मागवत राहिलो होतो. नळी लवकर काढणं आणि हात धुणं, या दोन गोष्टींनी माझ्या विभागात जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याच लेपाने पडला नाही.

भाजलेल्या जखमांचंही तेच. रात्रपाळी ताईंनी सांगितलेल्या पांढऱ्या मलमाबद्दल कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात नवीन ड्रेसिंगच्या तुलनेत जखम उशिरा भरते असंच दिसलं. चांदी जंतूला चावते तशी नव्याने वाढणाऱ्या कातडीलाही चावते.

---

जुना_वाडा | गुरुवार, सकाळी ६:४५

वय ७६. आमच्या घरी पाणी तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवायचं, ही आजीची शिस्त. चिंच आणि राखेने हंडा लख्ख घासायचा, मग पाणी. नॅनोच्या आधी हे होतंच. याला काही आधार आहे की आमची समजूतच?

---

शेवंती | गुरुवार, सकाळी ७:३०

काका, आधार आहे आणि चांगला आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये पाण्यात मुद्दाम पटकीचे, आमांशाचे आणि ई. कोलायचे जंतू घालून ते तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. एकही जंतू वाढवता आला नाही. पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा खूप कमी होतं. आजीचं घासणंही बरोबर, कारण हिरवट थर चढला की धातू पाण्याला नीट लागत नाही. फक्त ताक, कोकम, लिंबू तांब्यात नको. ते कळकतं, म्हणून तर ताकाच्या भांड्याला कल्हई.

---

गोदाकाठ | गुरुवार, सकाळी १०:१५

मला एक भीती वाटते. जंतू पेनिसिलिनला शिकले, मेरोपेनेमला शिकले. उद्या चांदीलाही शिकले तर?

---

शेवंती | गुरुवार, रात्री १०:००

शिकले आहेत. या प्रश्नासाठीच खरं तर मी धागा काढला.

१९७५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाच्या बर्न्स वॉर्डचा अहवाल आला. तिथे भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर नायट्रेट वापरत होते. तिथल्या साल्मोनेलाला चांदीची सवय झाली. तीन पेशंट दगावले, वॉर्ड बंद करावा लागला. नंतर त्या जंतूतला प्लाझ्मिड वेगळा काढला आणि १९९९ मध्ये त्यातले जनुक वाचले गेले. प्लाझ्मिड म्हणजे जंतू एकमेकांना देतात तो डीएनएचा छोटा, बांगडीसारखा गोल कडा. त्यावर चांदीला आल्या पावली बाहेर हाकलणारे पंप होते, चांदी बाहेरच धरून ठेवणारं प्रथिन होतं. आणि त्याच कड्यावर अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिनला निकामी करणारे जनुकही होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चांदी वापरली की जगतात ते चांदीरोधी जंतू, आणि त्यांच्याबरोबर त्याच कड्यावरचा अँटिबायोटिकचा रोधही आयता जगतो. मोज्यात चांदी, फ्रिजमध्ये चांदी, चॉपिंग बोर्डात चांदी असं करत आपण ती कारण नसताना वापरली तर ती फुकट जाणारच, वर अँटिबायोटिकही सोबत घेऊन जाईल. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

नॅनोकणांविरुद्धची युक्ती तर निराळीच. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमौत इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की ई. कोलायला चांदीचे नॅनोकण कमी मात्रेत परत परत दिले तर तो फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन बाहेर सोडतो. फ्लॅजेलिन म्हणजे जंतू ज्या शेपटीने पोहतो तिचाच माल. त्याने कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. कण बारीक, म्हणून ताकद होती. गुठळी झाली की संपलं. यासाठी जंतूने जनुकही बदलले नाहीत. आणि यावर उतारा त्यांना कशात मिळाला? डाळिंबाच्या सालीच्या अर्कात. त्याने फ्लॅजेलिन बनणं रोखलं आणि चांदी पुन्हा चालू लागली.

दुसरी आशा म्हणजे जोडी. २०१३ मध्ये बॉस्टनमध्ये जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने दाखवलं की थोडी चांदी सोबत दिली तर व्हॅन्कोमायसिन हे जुनं अँटिबायोटिक ई. कोलायवरही चालतं. एरवी तो मोठा रेणू त्याच्या बाहेरच्या आवरणातून आत शिरूच शकत नाही. चांदी ते आवरण गळकं करते. हे उंदरांपर्यंतच दाखवलं आहे. पण जुनी अँटिबायोटिक पुन्हा कामाला लावायची ही दिशा मला 'चांदीची गोळी' शोधण्यापेक्षा जास्त खरी वाटते.

---

सांगोलेकर | शुक्रवार, पहाटे ५:५०

डाळिंबाचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमची चार एकर बाग, सांगोला तालुका. डाळिंबावर तेल्या येतो. पानावर, फळावर तेलकट डाग, मग फळ तडकतं. तोही जंतूच, झांथोमोनास. बहार धरला आणि पाऊस लागला की झोप उडते.

आम्ही काय मारतो? मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो. मोरचूद म्हणजे तांबंच की. द्रावण आकाशी झालं की विळ्याचं पातं बुडवून बघायचं, पात्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. नाहीतर पानं करपतात. आणि बोर्डो नसेल तेव्हा कॉपर ऑक्सिक्लोराइड, त्यात स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुड्या. दुकानदार जेवढ्या सांगेल तेवढ्या.

स्ट्रेप्टोसायक्लिन अँटिबायोटिक आहे हे मला काल तुमचं वाचेपर्यंत डोक्यात बसलं नव्हतं. तांबं आणि अँटिबायोटिक एकाच पंपात. ताई, आम्ही बागेत तोच कडा तयार करतोय का?

---

शेवंती | शुक्रवार, दुपारी १:१५

दादा, तुमच्या प्रश्नाला खोटं उत्तर देणार नाही. होय, तसा धोका आहे. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगाचं पहिलं औषध, अजूनही वापरतात. तांब्याला सरावलेले झांथोमोनास टोमॅटोवर आणि इतर पिकांवर अनेक देशांत सापडले आहेत. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या खाद्यात तांबं घालत होते, तर त्यांच्या आतड्यातल्या एन्टेरोकोकस या जंतूमध्ये तांबेरोधी जनुक आणि अँटिबायोटिकरोध एकत्रच सापडला. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने शेतीत या दोन्ही अँटिबायोटिकच्या वापरावर बंदीचा मसुदाही काढला होता.

पण तुम्हाला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. मामाने गोळ्या दुकानातून घेतल्या, तुम्ही पुड्या दुकानातून घेतल्या. दोघांनाही वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं. सोलापूरला केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. छाटलेल्या रोगट फांद्या जाळणं, कात्री दर झाडाला निर्जंतुक करणं, निरोगी रोपं, बहाराची वेळ, यावर त्यांचा सल्ला घ्या आणि पुढच्या बहाराला पुड्यांशिवाय किती निभावतं ते इथे लिहा.

---

सांगोलेकर | शुक्रवार, रात्री ८:४०

हस्त बहाराला अर्ध्या एकरात पुड्या बंद करून बघतो. कात्रीचं आम्ही करत नव्हतो, ते उद्यापासून.

---

पायवाट | शनिवार, दुपारी १२:२०

आईची नखं आज अंगणात उन्हात बघितली. दोन्ही अंगठ्यांच्या अर्धचंद्रात किंचित निळसर झाक आहे असं मला वाटतंय, बहीण म्हणते नेहमीसारखंच आहे. परवापासून आईने चमचा घेतलेला नाही. फार चिडली नाही, उलट विचारत होती, मामा आता नीट चालतात का. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाटलीत अजून निम्मं शिल्लक आहे. बेसिनमध्ये ओतून टाकू का?

---

शेवंती | शनिवार, दुपारी १२:५०

आईंना सांगा, मामा काठी घेऊन रानापर्यंत जातो, नवी चप्पल घेतली आहे, बंद बोटांची.

बेसिनमध्ये ओतू नका. गटारातही पुष्कळ जंतू आहेत, त्यांना चांदीची ओळख आपण करून द्यायला नको. झाकण घट्ट लावून बाटली तशीच सोमवारी डॉक्टरांकडे न्या. लेबलवर चांदी किती लिहिली आहे ते त्यांना वाचायचं असेल.